शेतकऱ्यांची ऑनलाइन फसवणूक आणि ओळख चोरी: लक्षणे, प्रतिबंध आणि तातडीचे उपाय

पीएम-किसानचा हप्ता, पीकविम्याची भरपाई, महाडीबीटीवरील अनुदान, दूध संघाचे बिल, आडत्याकडील पट्टी आणि पीककर्ज असे शेतीचे बहुतेक पैसे आता थेट बँक खात्यात येतात. त्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि पुढचा खर्चही बऱ्याचदा मोबाइलवरूनच होतो. यामुळे हेलपाटे वाचले. मात्र त्याच मोबाइलवर चोरांची नजर आहे.

कीड जशी पिकाच्या अवस्थेनुसार येते, तसे हे चोर योजनेच्या वेळापत्रकानुसार येतात. हप्ता जवळ आला की ई-केवायसीचे संदेश सुरू होतात, अतिवृष्टीनंतर भरपाईचे आणि कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की याद्यांचे. शेतकऱ्याचे नुकसान इतरांपेक्षा जास्त खोल जाते, कारण खरिपाच्या तोंडावर खात्यात असलेली रक्कम अनेकदा कर्जाची असते. पैसे चोरीला गेले तरी कर्ज अंगावर राहते. बियाणे आणि खतासाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत परतफेड केल्यास व्याजात ३ टक्के सवलत मिळते. परतफेड हुकली तर तीही जाते.

या सगळ्यावर एक मुख्य नियम आहे. संदेशातून आलेल्या लिंकवर किंवा फाइलवर जाऊ नका. काम खरे वाटले, तर त्या संकेतस्थळावर, बँकेत किंवा कार्यालयात आपण स्वतःहून जा. लेखातील बाकीच्या सूचना हा नियम पाळण्यासाठी आहेत.

फसवणूक कशी होते?

फिशिंग म्हणजे आमिष लावून गळ टाकणे. ईमेल, एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा फोन यांपैकी कशावरूनही हा गळ येतो. त्याच्या मुख्य पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

१) एपीके फाइल: गावात मोठे नुकसान करणारा हा प्रकार आहे. व्हॉट्सॲपवर एखाद्या योजनेच्या, बँकेच्या किंवा वाहन चलनाच्या नावाची फाइल येते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. हे प्ले स्टोअरबाहेरचे ॲप असते. ते उघडल्यावर एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. परवानगी दिली की तुमचे ओटीपी चोराकडे पोचू लागतात. पुढच्या पानावर ते आधार क्रमांक, डेबिट कार्ड क्रमांक आणि पिन भरायला लावते. कार्डाची माहिती आणि ओटीपी दोन्ही हाती आले की चोराला तुमच्याशी बोलायचीही गरज उरत नाही. काही ॲप स्वतःचे चिन्ह लपवतात आणि तीच फाइल तुमच्या ओळखीच्या लोकांना पाठवतात. त्यामुळे फाइल भावाकडून, सरपंचाकडून किंवा गटाच्या अध्यक्षाकडून आली, तरी ती सुरक्षित आहे असे समजू नये.

२) बनावट संकेतस्थळ: योजनेचे बोधचिन्ह, मंत्र्यांची छायाचित्रे आणि अर्जाचा नमुना हुबेहूब असतो. अर्ज भरताना तुमची सर्व माहिती गोळा होते आणि शेवटी 'नोंदणी शुल्क' मागितले जाते.

३) फोन: समोरचा माणूस स्वतःला बँकेचा, कृषी विभागाचा किंवा विमा कंपनीचा अधिकारी म्हणवतो. त्याला तुमचे नाव, गाव, गट क्रमांकही माहीत असतो. ही माहिती फुटलेल्या याद्यांमधून मिळते. नाव-गाव बरोबर सांगितले म्हणजे माणूस खरा, असे मानू नये.

४) आधार आणि बोटाचा ठसा: आधारवर आधारित पैसे काढण्याच्या सेवेत (एईपीएस) बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. तिथे पिन किंवा ओटीपी लागत नाही. कागदावरील ठशाची नक्कल करून किंवा 'ठसा जुळला नाही, पुन्हा लावा' असे सांगून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत.

५) सिम: तुमच्या नावाचे सिम बंद करून दुसरे काढले, किंवा तुमचे फोन दुसऱ्या क्रमांकावर वळवले, की ओटीपी चोराकडे जातात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तारा किंवा हॅशने सुरू होणारा कोणताही क्रमांक डायल करू नये.

शेतकऱ्यांना येणारे नेहमीचे प्रकार

पीएम-किसान आणि नमो शेतकरी: पीएम-किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च हे हप्त्यांचे काळ आहेत. हप्ता जवळ आला की 'केवायसी न केल्यास हप्ता बंद' असे संदेश वाढतात. ई-केवायसी खरोखरच आवश्यक आहे, त्यामुळे संदेश खरा वाटतो. पण ती करण्याचे मार्ग तीनच आहेत: अधिकृत संकेतस्थळावर आधारचा ओटीपी, सामायिक सुविधा केंद्रात बोटाचा ठसा, किंवा प्ले स्टोअरवरील अधिकृत ॲपमध्ये चेहऱ्याची पडताळणी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून ई-केवायसी होत नाही.

सौर कृषी पंप: कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याबाबत वेळोवेळी इशारे दिले. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पैसे खरोखर भरायचे असतात, म्हणूनच येथे फसगत सोपी होते. हा हिस्सा अधिकृत पोर्टलवर स्वतःच्या अर्ज क्रमांकाने भरावा. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयवर किंवा रोखीने देऊ नये.

पीकविमा, अतिवृष्टी अनुदान, कर्जमाफी: 'यादीत नाव पाहा', 'भरपाई मंजूर, प्रक्रिया शुल्क भरा' असे संदेश येतात. मंजूर भरपाई थेट खात्यात जमा होते. ती मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत आणि फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही.

फार्मर आयडी: एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. 'तुमचा फार्मर आयडी रद्द होत आहे, आलेला ओटीपी सांगा' असा फोन आल्यास तो बंद करावा आणि तलाठी, कृषी सहायक किंवा सुविधा केंद्रात जाऊन खात्री करावी.

खते: टंचाईच्या काळात 'निम्म्या दरात युरिया घरपोच, आगाऊ नोंदणी करा' अशा जाहिराती फिरतात. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे आणि डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपये या दराने, परवानाधारक दुकानातून आणि पॉस यंत्रावर ओळख पडताळणी करूनच विकली जाते. ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन अनुदानित खत पाठवण्याची जाहिरात खोटी समजावी.

जनावरे आणि जुने ट्रॅक्टर: चांगली म्हैस किंवा कमी तास चाललेला ट्रॅक्टर अगदी कमी किमतीत दाखवतात. विक्रेता लांबच्या राज्यातला असतो. आधी इसार, मग गाडीभाडे, मग विमा, मग गेटपास अशी मागणी वाढत जाते. जनावर किंवा यंत्र समोर पाहिल्याशिवाय आणि कागदपत्रे तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

शेतमाल खरेदी: 'व्यापारी' माल न पाहताच सौदा पक्का करतो आणि इसार पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. यूपीआय पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

वीजबिल: 'आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा' असा संदेश साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येतो. थकबाकी महावितरणच्या ॲपवर किंवा कार्यालयात तपासावी. संदेशातील क्रमांकावर फोन करू नये.

खरे-खोटे कसे ओळखावे?

पत्ता शेवटून वाचा: संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिली तिरपी रेष कुठे आहे ते पाहा. त्या रेषेच्या लगेच आधीचा भाग महत्त्वाचा असतो. पीएम-किसानचा पत्ता 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. नमुन्यादाखल 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट केवायसी डॉट ऑनलाइन' असा पत्ता पाहा. यात सरकारी नाव दिसते, पण शेवट 'ऑनलाइन' असा आहे. म्हणून तो सरकारी नाही. पत्त्याशेजारचे कुलूप पाहून फसू नये. कुलूप म्हणजे माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही इतकेच. संकेतस्थळ कोणाचे आहे, हे त्यावरून कळत नाही.

काही अधिकृत पत्ते 'जीओव्ही डॉट इन' ने संपत नाहीत. महावितरणचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन' असा आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट ठरवून दिला आणि त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. आपल्या बँकेचा पत्ता शाखेतून एकदा नीट लिहून आणावा आणि तोच वापरावा.

एसएमएसचे नाव पाहा: नोंदणीकृत संस्थेचा एसएमएस दहा अंकी क्रमांकावरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. २०२५ पासून या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडले जाते: सरकारी संदेशाला 'जी', व्यवहाराच्या संदेशाला 'टी', सेवेच्या संदेशाला 'एस' आणि जाहिरातीला 'पी'. व्हॉट्सॲपवरील संदेशाला ही खूण नसते.

घाई, भीती आणि लालूच तपासा: 'आजच शेवटचा दिवस', 'खाते बंद होईल', 'गुन्हा दाखल झाला आहे', 'तुमची निवड झाली आहे' यांपैकी एकही वाक्य दिसले तर थांबावे. योजनेची खरी मुदत कृषी कार्यालयात विचारता येते. एका फोनने खात्री होते.

ओळख चोरी आणि तिचे परिणाम

पैसे गेले तर ते लगेच दिसते. ओळख चोरी मात्र महिनोन् महिने लक्षात येत नाही. तुमच्या आधार, पॅन आणि छायाचित्राच्या प्रतीवर दुसऱ्याने सिम घेतले, खाते उघडले किंवा मोबाइल ॲपवरून कर्ज काढले, तर त्याचा पत्ता पुढे पीककर्ज मागताना लागतो. बँक थकबाकी दाखवते आणि पेरणीच्या वेळी कर्ज अडते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

- आधारची प्रत देताना शक्य तिथे मास्क केलेले आधार द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मोफत मिळते.
- प्रत्येक झेरॉक्सवर काम, संस्थेचे नाव आणि तारीख लिहून सही करावी. उदाहरणार्थ, 'फक्त ठिबक अनुदान अर्जासाठी'. लिखाण छायाचित्रावरून किंवा मजकुरावरून आडवे जाऊ द्यावे.
- झेरॉक्स दुकानात किंवा केंद्रात व्हॉट्सॲपने पाठवलेली कागदपत्रे काम झाल्यावर आपल्यासमोर काढून टाकायला सांगावीत.
- अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. बऱ्याच अर्जांत केंद्रचालकाचा किंवा नातेवाइकाचा क्रमांक असतो. मग ओटीपी आणि योजनेचे संदेश त्यांच्याकडे जातात.
- जुने सिम बंद झाले असेल तर आधार आणि बँकेतील क्रमांक आधी बदलावा. बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.
- संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते दिसते. अनोळखी क्रमांक असेल तर तिथेच तक्रार करावी.
- सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पीककर्जाच्या नूतनीकरणाआधी तो पाहावा.

आधारचे बायोमेट्रिक लॉक: बोटाच्या ठशाचा गैरवापर रोखण्याचा हा सर्वांत चांगला उपाय आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत ॲपवर नोंदणीकृत मोबाइलच्या ओटीपीने बायोमेट्रिक लॉक करता येते. त्यानंतर तुमच्या ठशावर पैसे निघत नाहीत. मात्र लॉक असताना रेशन दुकान, खत दुकानाचे पॉस यंत्र आणि सुविधा केंद्रातील ई-केवायसी येथेही ठसा चालणार नाही. अशा कामाला जाताना ते तात्पुरते उघडावे लागते. घरात ज्यांना हे जमते त्यांनी आई-वडिलांना करून द्यावे. आधार कुठे वापरले गेले, याचा मागील सहा महिन्यांचा तपशीलही तिथे दिसतो. तो अधूनमधून पाहावा.

पैसे काढताना ठसा दिल्यावर प्रत्येक वेळी पावती मागावी. 'व्यवहार फसला' असे सांगितले तरी त्याची पावती घ्यावी आणि खात्यातील शिल्लक तपासावी.

हंगामापूर्वीची तयारी

जमिनीची मशागत हंगामाआधी करतो, तशी ही कामे मे महिन्यातच उरकून घ्यावीत.

१) खाती वेगळी ठेवा: रोजच्या यूपीआयसाठी एक छोटे खाते ठेवावे आणि त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवावेत. पीककर्जाचे आणि मालविक्रीचे खाते यूपीआयला जोडू नये. एखादे वेळी फसगत झालीच, तर नुकसान छोट्या खात्यापुरते राहते.

२) मर्यादा कमी करा: यूपीआय आणि कार्डाची दैनंदिन मर्यादा कमी करता येते. किसान क्रेडिट कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर लागत नसेल तर बंद ठेवावा. ही सोय बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत मिळते.

३) अनोळखी ॲपची वाट बंद करा: अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोन्हींसाठी बंद ठेवावी. प्ले प्रोटेक्ट सुरू ठेवावे. व्हॉट्सॲपमधील आपोआप डाउनलोडही बंद करावे.

४) गुगल खाते ताब्यात घ्या: अनेकांचे जीमेल खाते मोबाइल घेताना दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो. आपल्या मोबाइलवरील सातबारा, आधार आणि पासबुकाची छायाचित्रे याच खात्यात साठतात. पासवर्ड स्वतः बदलावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. व्हॉट्सॲपलाही दोन टप्प्यांचा पिन लावावा.

५) बँकेचे एसएमएस सुरू ठेवा: बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवलेला आहे ना, ते पाहावे. पैसे गेल्याचा संदेश उशिरा वाचला तर तक्रारीलाही उशीर होतो.

६) खाते कोणालाही देऊ नका: 'खाते वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो' असे आमिष गावातील तरुणांना दाखवले जाते. चोरीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात. खातेदार स्वतः गुन्ह्यात अडकतो आणि त्याचे खाते गोठवले जाते.

उत्पादक कंपन्या आणि निर्यातदारांसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्या, द्राक्ष आणि डाळिंब निर्यातदार यांचा मोठा व्यवहार ईमेलवर चालतो. येथे फसवणूक वेगळ्या पद्धतीने होते. चोर आधी दोघांपैकी एकाचे ईमेल खाते उघडतो आणि काही आठवडे फक्त वाचत राहतो. कंटेनर निघाला, कागदपत्रे गेली, पैसे येण्याची वेळ आली, की तो खरेदीदाराला कंपनीच्या नावाने ईमेल पाठवतो: 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यावर पाठवा.' ईमेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. बिल, शिक्का आणि सही हुबेहूब असतात. माल पोचलेला असतो, खरेदीदाराने पैसे दिलेले असतात आणि शेतकऱ्यांच्या खात्यात काहीच येत नाही.

यासाठी पुढील पद्धत ठरवून घ्यावी.

- करारातच लिहावे की बँक खाते ईमेलवरून बदलले जाणार नाही. बदल झाल्यास दोन्ही बाजू आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करतील. ईमेलमध्ये दिलेल्या नव्या क्रमांकावर फोन करू नये.
- 'उत्तर द्या' न दाबता, जतन केलेल्या यादीतून पत्ता निवडून उत्तर पाठवावे.
- खात्याचे नाव, बँकेचा देश आणि खरेदीदाराचा देश जुळतात का ते पाहावे.
- कंपनीचा ईमेल पासवर्ड सर्व संचालकांत आणि कर्मचाऱ्यांत वाटू नये. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी बदलावा.
- ईमेलमध्ये आपोआप पुढे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, ते सेटिंगमध्ये दर महिन्याला तपासावे.

कृषी विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

शेतकरी तुमच्या संदेशावर विश्वास ठेवतात. त्यामुळे तुमच्या गटात आलेली चुकीची फाइल झपाट्याने पसरते.

- लाभार्थ्यांच्या याद्या गटात टाकताना आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक काढून टाकावेत. नाव आणि अर्ज क्रमांकाचे शेवटचे अंक पुरेसे असतात.
- शक्यतो लिंक पाठवू नये. पोर्टलचे नाव, लागणारी कागदपत्रे, मुदत आणि जवळचे केंद्र सांगावे.
- गटात फक्त प्रशासकांना संदेश टाकता येतील अशी सोय योजना काळात सुरू ठेवावी.
- एखाद्या सदस्याच्या क्रमांकावरून एपीके आली तर ती सर्वांसाठी लगेच काढून टाकावी. त्या सदस्याला साधा फोन करून कळवावे, कारण त्याचा मोबाइल चोराच्या ताब्यात असू शकतो. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजी संदेश टाकावा.

गटात पाठवण्यासाठी नमुना: 'आज गटात एका योजनेच्या नावाने फाइल आली होती. ती विभागाची नाही. कोणी उघडली असेल तर मोबाइलचा डेटा आणि वाय-फाय लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० व आपल्या बँकेला कळवा. लाज वाटून घेऊ नका, वेळ घालवू नका.'

फसवणूक झाल्यास पहिल्या तासात काय करावे?

चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाते आणि शेवटी रोखीने काढली जाते. १९३० वर तक्रार झाली की पैसे गेलेल्या बँकेला सूचना जाते आणि शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. म्हणून प्रत्येक मिनिट महत्त्वाचे आहे. घरच्यांना काय वाटेल, या विचारात संध्याकाळ घालवू नये.

१) फाइल उघडली असेल तर डेटा आणि वाय-फाय बंद करून मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. त्या मोबाइलवर पुन्हा पिन किंवा पासवर्ड टाकू नका.

२) दुसऱ्या मोबाइलवरून १९३० वर फोन करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा अंकी असतो.

३) बँकेच्या पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांकावर फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, तिथे बनावट क्रमांकही असतात.

४) राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) तक्रार पूर्ण करा आणि पोचक्रमांक जपून ठेवा.

५) शाखेत लेखी अर्ज द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.

६) संदेश, फोन क्रमांक आणि फाइलचे नाव यांची छायाचित्रे दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवा. त्यानंतर मोबाइल जाणकाराकडून फॅक्टरी रीसेट करून घ्या आणि सर्व पासवर्ड बदला.

७) ठशाने पैसे गेले असतील तर आधारचे बायोमेट्रिक लगेच लॉक करा.

बँकेची जबाबदारी: रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. म्हणून ओटीपी आपणच दिला असला तरी तक्रार करावी, आणि कळवल्याची तारीख-वेळ लेखी घ्यावी.

पुढे सावध राहा: एकदा फसलेल्या माणसाला 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' असे सांगणारे फोन येतात. फीची मागणी झाली की ती दुसरी फसवणूक समजावी. तक्रार करायला आणि पाठपुरावा करायला शुल्क लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फाइल डाउनलोड झाली, पण उघडली नाही. धोका आहे का?
इन्स्टॉल केली नसेल तर सहसा नुकसान होत नाही. फाइल काढून टाकावी आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगावे.

फक्त आधार क्रमांक सांगितला. पैसे जातील का?
नुसत्या क्रमांकावर पैसे निघत नाहीत. तरीही बायोमेट्रिक लॉक करावे आणि पुढील काही आठवडे खात्यावर लक्ष ठेवावे.

साधा बटणांचा मोबाइल असेल तर काळजी नाही ना?
एपीकेचा धोका नाही. पण फोनवरून ओटीपी विचारणे, सिम बदलणे आणि ठशाचा गैरवापर हे प्रकार साध्या मोबाइलवाल्यांसोबतही होतात.

लक्षात ठेवण्याचे क्रमांक

- सायबर फसवणूक तक्रार: १९३०
- आधार मदत: १९४७
- पीएम-किसान मदत: १५५२६१
- पीकविमा मदत: १४४४७
- किसान कॉल सेंटर: १८००-१८०-१५५१

हे क्रमांक आणि आपल्या बँक शाखेचा क्रमांक कागदावर लिहून घरात दिसेल अशा ठिकाणी लावावेत. गरज पडेल तेव्हा मोबाइल वापरण्याजोगा असेलच असे नाही.